बिनक्लचची अमेरिकन

मी नंदुरबारकडचा. आमचं गाव तापीकाठी, बाप बैलगाडी हाके, लोकांचा कापूस सरकी काढायच्या जिनात पोचवे, म्हणजे हाकणं आमच्या घरातलंच म्हणा. चुलत्याच्या मागे सुरतेला आलो तवा तिथल्या पांडेसऱ्यात नुसती बाभळीची झुडपं न मधेमधे नवे कारखाने. एका रंगाईच्या कारखान्यात कापडाचे तागे उचलायला लागलो, मग ट्रकवर क्लीनर झालो, मग ट्रकच हाती आला. मालक नटुभाई शेठ, माणूस चांगला, पण ट्रकवाल्याले कोण इज्जत देतं, सांगा तुम्ही. जो तो म्हणे, ए ट्रक, बाजूले घे. सुकलाल म्हणून माझं नाव आहे, माय-बापानं हौशीनं ठेवलेलं, पण रस्त्यावर ते कोणाले ठाऊक नाही. त्याचं मले भलतं लागायचं.

तर शेठचे थोरले भाऊ अमेरिकेत होते, सारे त्यांले मोटाभाई म्हणत. तिकडे त्यांचं लहानसं हॉटेल, वाटसरू मुक्कामाले येत. त्यांची म्हातारी आई, बा, इथं सुरतेत डोळे लावून बसलेली. शेवटी ते कायमचे घरी यायला निघाले न स्वतःची गाडी बोटीत घालून आणली. तवा काय आजच्यासारखं नव्हतं, की दुकानात गेलं न परदेशी गाडी घेतली. मुंबईचे दलाल वकिलातीच्या जुन्या गाड्या मिळवून देत, नाहीतर असा परत येणारा माणूस आपली वापरलेली गाडी आणे, तेबी जकात भरून. घरचे जमाई, नटुभाईंच्या लेकीचे मालक, म्हणत होते की दलालाकडून घ्या, बंदरावरची कटकट नको. मोटाभाईंनी तिकडून कळवलं, माझी गाडी आहे, माझ्यासंगे येईल.

मुंबईचा रस्ता मले पाठ, म्हणून शेठनं मलेच बंदरावर धाडलं. काय सांगू तुम्हाले, गाडी बाहेर आली ती एवढी लांब की आमच्या चाळीतल्या दोन खोल्या तिच्यात बसतील. रंग आभाळी, मागे माशासारखे पंख. मोटाभाई खुशीत चालवायला बसले, न फाटकातून निघाले ते सरळ रस्त्याच्या उजव्या बाजूनं, तिकडची सवय. समोरून हातगाडीवाला आला, त्यानं जे तोंड सोडलं ते इथं सांगण्यासारखं नाही. स्टेरिंग डाव्या अंगाले, म्हणून मी उजवीकडे बसलेलो, पुढचं मलेच दिसे. मग सुरतेपर्यंत मी सांगत गेलो, डावीकडे घ्या, आता थांबा, आता जाऊ द्या. घरी पोचल्यावर मोटाभाईंनी कपाळाचा घाम पुसला न म्हणाले, गाई, सायकली, बैलगाड्या, आपलं काम नाही हे. ही गाडी सुकलाल चालवेल. नाव घेऊन म्हणाले. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही, एवढं पोट भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पूजा. चारी चाकांखाली लिंबू, बोनेटवर कुंकवाचा साथिया, म्हणजे आपलं स्वस्तिक, सारी गल्ली ओट्यावर. मागच्या सीटवर बा बसल्या, हातात पूजेचं ताट. मोटाभाईंनी मले आधी सांगितलं होतं की हिच्यात क्लच नाही, गियर तिचे ती बदलते, डाव्या पायाले काहीच काम नाही. मी हो म्हणालो. पण ट्रकवाल्याचा पाय आहे तो, सांगून थोडा ऐकतो? लिंबं चिरडली, लोकांनी टाळ्या पिटल्या, गल्लीचं वळण आलं न माझा डावा पाय क्लच दाबायले गेला, ट्रकचा दाबतात तसा सारा जोर लावून. तिथं होता ब्रेक, चांगला हातभर रुंद. गाडी जागच्या जागी बसली. बांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, कुंकू साऱ्या पांढऱ्या सीटवर. जमाई ओट्यावरून बोलले, आ तो ट्रकवाळो छे, याले काय कळतं. वकिलातीत काम केलेला ड्रायव्हर मी मुंबईहून बोलावतो.

बा कपाळ चोळत उतरल्या. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोटाभाई म्हणाले, बांचा नवस आहे, लेक परत आला की उनाईमातेले जायचं. येत्या पुनवेले सुकलाल घेऊन जाईल. बा घाबरल्या तर मुंबईवाला ड्रायव्हर ठेवू. जमाईंनी लगेच मुंबईले निरोप धाडला.

मग मी रोज पहाटे कारखान्याच्या आवारात गाडी फिरवायचो, मोटाभाई बाजूले. दहा वेळा नीट जाई, अकराव्या वेळी पाय घसरेच. घरी भाकर खाता खाताबी डावा पाय जमीन दाबे. बायको म्हणाली, असं काय करी राहिले तुम्ही, पाय मोडी टाका एकदाचा. ती चिडून बोलली, पण मी तसाच मांडी घालून बसलेलो, न एकदम डोक्यात आलं. दुसऱ्या दिवशी चप्पल काढली, डावा पाय मोडून मांडीखाली घेतला न बसलो सीटवर, पाटावर बसतात तसा अर्धी मांडी घालून. मोटाभाई म्हणाले, हे काय, देवळात बसलायस का? म्हटलं, बसू द्या शेठ, पायाले घरी ठेवून आलो. ते इतके हसले की डोळ्याले पाणी आलं, पण दहा काय, वीस फेऱ्या झाल्या न एकदाबी धक्का बसला नाही.

पुनवेले निघालो, बारडोली, व्यारा, उनाई. बा मागे. त्यांची ख्याती अशी की कोणत्या गाडीत बसल्या की पुढच्या सीटले धरून माळ जपत, घर येईपर्यंत हात सोडत नसत. उसाच्या गाड्या, खड्डे, एसटी अंगावर येई, मोटाभाई उजवीकडून हळूच सांगत, जवा दे, म्हणजे जाऊ दे पुढे. दर्शन झालं, कुंडाचं गरम पाणी बांनी पायावर घेतलं, परत फिरलो. व्याऱ्याच्या पुढे आलो न मागे माळेचा आवाज बंद. मोटाभाईंनी वळून पाहिलं न माझ्या खांद्यावर हात ठेवला. बा झोपल्या होत्या, तोंड उघडं टाकून.

दिवस मावळता गल्लीत आलो. ओट्यावर जमाई, न बाजूले पांढऱ्या टोपीवाला मुंबईचा ड्रायव्हर, पेटी घेऊन. मी गाडी थांबवली पण दार उघडलं नाही, मोटाभाईंनीबी नाही. सारं घर बाहेर येऊन उभं, जमाई विचारतात काय झालं, न मोटाभाई तोंडावर बोट ठेवतात. पोरंसोरं काचेले नाक लावून पाहताहेत. बऱ्याच वेळानं बांनी डोळे उघडले न विचारलं, घर आवी गयुं? मग पांढऱ्या टोपीकडे पाहिलं. हा कोण? जमाईंनी सांगितलं. बा म्हणाल्या, दुरून आलाय, त्याले पोटभर जेवू घाला न परतीच्या आगगाडीत बसवून द्या. मले ज्याच्या गाडीत झोप येते तो माझा ड्रायव्हर. त्या माणसाशी माझं काही वैर नव्हतं. मीच त्याले स्टेशनावर सोडलं, अमेरिकनमध्ये. उतरताना तो म्हणाला, भाऊ, ही मांडीची तऱ्हा मी कुठं पाहिली नाही.

पुढे पेट्रोल महाग झालं, ती तर घागरीनं पिणारी, शेवटी मोटाभाईंनी विकली. तोवर तिचं स्टेरिंग दुसऱ्या कोणाच्या हाती गेलं नाही. आता मोटाभाई नाहीत, बा नाहीत. माझे पोरं कापडाच्या लूमवर आहेत, कोणाचं वाईट नाही. नातू म्हणतो, बाबा, तुमची स्वतःची एकबी गाडी नव्हती ना? नव्हती, बेटा. पण एकदा नवसारीहून मोटाभाईंचे पाहुणे आले, घर सापडेना, नाक्यावर विचारत फिरले, तर मोटाभाईंचं नाव सांगून कोणी ओळखेना. मग ते म्हणाले, अमेरिकन गाडीवाले शेठ. तसा पानवाला म्हणाला, असं होय, सुकलालची गाडी, डावीकडून तिसरं घर. हे मोटाभाईंनी स्वतः मले सांगितलं, साऱ्या घरासमोर, न मग बांले म्हणाले, बा, आपण आता सुकलालच्या घरात राहतो.