धारूरच्या घाटात घेतलेलं नाव

हसू नका, पर आमच्या आईनं बापूला नावानं हाक मारलेली मी सोताच्या कानानं ऐकलीय. मोहरमच्या सुट्टीत आमी बैलगाडीनं धारूरचा किल्ला बघाया निघालतो. घाटात हे दाट धुकं! बापू सीताफळं तोडाया बनात शिरला अन् दिसेनासाच झाला. पलीकडं तर सरळ कडा. "अवो, अवो" करून आईचा घसा बसला, पर उत्तर न्हाई. शेवटी डोळे मिटून ती ओरडली, "अवो मारुतराव!" तरी न्हाई. तीनदा ओरडली, तवा बापू गाडीमागूनच निवांत पुढं आला.

"ऐकू येत न्हवतं का?" आई रडकुंडीला आलती.

"पहिल्याच हाकेला आलतं. पर उखाण्याबिगर पहिल्यांदाच नाव घेतलंस, म्हनलं अजून दोनदा ऐकावं."