पेन खाली ठेवणाऱ्या बाई

मंडळी, मागे तलासरीहून आलेले काही जण अजून उभे आहेत. त्यांना थोडं सरकून जागा द्या. बाई असत्या तर त्यांनी आधी हेच सांगितलं असतं.

माझं अर्धं आयुष्य लोकांना प्रश्न विचारण्यात गेलं, त्यामुळे बोलायला मी लाजत नाही. पण आज बाईंच्या शोकसभेत बोलायचंय. सांभाळून घ्या.

मी जयश्री, धाकट्या डहाणूची. आपल्या सुमतीबाई अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. नरपडच्या चिकूवाडीत वाढल्या, मुंबईत शिकवलं आणि परत इथेच आल्या. नवं यंत्र एका घरात रुजतं आणि शेजारच्या घरात धूळ खात पडतं, असं का? आणि यंत्र आलं म्हणून गावाची भरभराट होते का? आयुष्यभर त्यांनी हेच शोधलं. त्यांचे फॉर्म भरायला मी घरोघर फिरायचे.

त्यातला एक फॉर्म मी खोटा भरला होता. बाईंचे भाऊ इथे बसलेत, त्यांना माहीत आहे. बाकीच्यांना आज सांगते.

आमच्या गावात एका संस्थेनं मासळी सुकवायच्या पेट्या वाटल्या होत्या. वर काच, उन्हावर चालणाऱ्या. बाईंनी मला विचारायला पाठवलं, की पेटी वापरता का? सगळ्या बायका म्हणाल्या, हो, वापरतो. फुकट दिलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? मीही हो लिहीत गेले. आमच्या घरचा फॉर्म तर मी कोणाला न विचारताच भरला. 'रोज वापरतो.' नवीन काम होतं, हातचं जाईल अशी भीती होती.

बाईंनी त्यावर मोठा निबंध लिहिला. दोन वर्षांची मेहनत. छापून यायच्या आधी म्हणाल्या, दोन-चार घरं मी स्वतः बघते. आणि नेमक्या आमच्याच अंगणात येऊन बसल्या.

माझी सासू बांबूवर बोंबील टांगत होती. बाईंनी विचारलं, पेटी वापरता ना? सासूनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, हो, वापरतो ना.

बाईंनी पेन खाली ठेवलं. बोलल्या काहीच नाहीत. सासू एका बोंबलाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून बांबूवर टाकत राहिली. एक जोडी, दुसरी जोडी. बाई गप्प. शेवटी सासूलाच राहवेना.

"पेटीत खुडूक कोंबडी बसवलीय, बाय."

हसा, मंडळी, हसा. बाईसुद्धा पोट धरून हसल्या होत्या. मग सासू मोकळी झाली. बोट लागली की टोपल्यांवर टोपल्या उतरतात, पेटीत त्यातल्या किती मावणार? आणि पेटी लावायची म्हणजे आपापल्या दारात एकटीनं बसायचं. इथे बांबूपाशी आम्ही साऱ्या असतो. कोणाची पोर सासरी कशी आहे, कोणाचं दुखतंय, सगळं इथेच कळतं. ते त्या पेटीत कुठे मिळणार?

बाईंनी यातलं अक्षरन् अक्षर लिहून घेतलं. परतताना खाडीपाशी मी रडत सगळं कबूल केलं. म्हटलं, उद्यापासून येत नाही. तर त्या म्हणाल्या, "जयू, उद्या लवकर ये. सगळी घरं पुन्हा करायचीत. चूक माझी आहे, मी प्रश्नच असा दिला की हो म्हणण्यावाचून गत नव्हती."

निबंध त्यांनी मागे घेतला. मोठमोठ्या लोकांसमोर उभं राहून, मी चुकले, असं सांगितलं. माझं नाव कुठेही घेतलं नाही. असं कोण करतं हो? मी तर दुसरं कोणी पाहिलं नाही.

तेव्हापासून त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. उत्तर आलं की पेन खाली ठेवायचं आणि गप्प बसायचं. पहिलं उत्तर पाहुण्यासाठी असतं. माणूस त्यानंतर बोलतो.

गेल्या महिन्यात बाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. उशाला बसून विचारलं, बाई, कसं वाटतंय? म्हणाल्या, बरं आहे गं, छान आहे. नेहमीसारखं हसल्या.

मी गप्प बसले. त्यांनीच शिकवलं होतं ना? बाहेर वाडीत चिकू उतरवणाऱ्यांचा आवाज येत होता. बराच वेळ गेला. मग त्यांनी माझा हात धरला.

"भीती वाटते गं, जयू."

मी हात सोडला नाही. त्या दिवशी आम्ही पुष्कळ बोललो. काय बोललो ते मी कुठल्याच फॉर्मवर लिहिणार नाही.

मंडळी, आता आपण सगळे उभे राहू या. हातात फोन असेल, पेन असेल, तर खाली ठेवा. आयुष्यभर त्या आपल्यासाठी थांबल्या, आपण खरं बोलेपर्यंत. आज दोन मिनिटं आपण त्यांच्यासाठी थांबू या.