कुंकू लागलेला खांब

जमलेल्या आयाबहिणींनो, भावांनो,

बोलायला उभा राहिलो खरा, पण समोर आपल्या सदानंदच्या सुमनवहिनी बसल्या आहेत. त्यांच्याकडे पाहिलं की लिहून आणलेलं वाचवत नाही. म्हणून एका सकाळपासून सुरुवात करतो.

त्या सकाळी मी गावदेवीच्या देवळाची ओसरी झाडली आणि वाट बघत बसलो. स्टेशनकडून टांगा आला. मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी धरून सदानंद बसला होता. टांगेवाला म्हणाला, "साहेब, एवढं जपताय, आत आहे तरी काय?" सदानंद म्हणाला, "देऊळ आहे."

आपला सदानंद. शाळेत माझ्या शेजारी बसायचा. मी इथे पानवेली गावातच राहिलो, तो मुंबईत शिकून आर्किटेक्ट झाला. देवळापुढचा नवा सभामंडप त्यानेच आखला, आणि बांधण्याआधी पुठ्ठ्याचं मॉडेल करून आणलं. गाभारा, मंडप, खांब, पुढचा रस्ता, विहीर. गाभाऱ्यात देवी म्हणून एक लाल गुंज चिकटवली होती.

आपण सगळे भोवती उभे राहून वरून बघत होतो. तो म्हणाला, "वरून कावळा बघतो. माणसांनी खाली या." आणि स्वतः गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला, विहिरीच्या वळणावरून आत बघितलं.

डोळा बदलून पुन्हा बघितलं.

ते वळण तुम्हाला सांगायला नको. पहाटे सायकलला विड्याच्या पानांच्या करंड्या लावून आपण स्टेशन गाठायला निघतो. थांबायला वेळ नसतो. वळणावर देवीचे चांदीचे डोळे दिसतात, हात कपाळाला लागतो, सायकल पुढे जाते. आपली पूजा तेवढीच.

सदानंद उठला. म्हणाला, "माझं चुकलं. कागदावर कळलं नाही. हा खांब वळणावरून बरोबर देवीच्या तोंडावर येतो." त्याने खांबाच्या नव्या जागेवर पेन्सिलीने फुली मारली आणि ब्लेड काढलं.

पण तोवर भीमाकाकींनी गुंजेला हळदकुंकू वाहिलं होतं. त्याच बोटाने त्या पुढच्या खांबालाही. त्यांनी त्याचा हात धरला. "सदू, कुंकू लागलंय त्याला. आता कापायचं नाही."

"काकी, हे कापायलाच केलंय. इथे चुकलं तर ब्लेड पुरतं. सिमेंटमध्ये चुकलं तर पहार लागेल."

"मग टांग्यात देऊळ कशाला म्हणालास?"

सगळे हसले. तोही हसला. ब्लेड माझ्या हातात देऊन म्हणाला, "तू समितीचा अध्यक्ष. गावाची समजूत पटली की तूच काप."

समजूत पटली नाही. दुसऱ्या दिवशी मॉडेलपुढे फुलं आली. मग निरांजन आलं. त्याचं नाव छोटं देऊळ पडलं. सभा झाल्या, आवाज चढले. गोविंदतात्या म्हणाले, "देवीच्या मनात नसतं, तर काकींना ही बुद्धी झाली असती का?" मी ब्लेड खिशात ठेवलं. मीही रोज तिच्यापुढे हात जोडणारा माणूस आहे. सदानंद दर रविवारी यायचा आणि विचारायचा एवढंच, "कापलास?"

मग तो रविवारी आला नाही. त्याचं हृदय थांबल्याचा निरोप आला.

स्मशानातून परतताना तात्या मला म्हणाले, "आता तर हात लावायचाच नाही. ही त्याची शेवटची आठवण. जसंच्या तसं बांधू." तात्या, तुमचं प्रेम मला कळतं. पण जी चूक त्याला स्वतःला दिसली होती, ती आपण सिमेंटमध्ये ओतायची? आणि तिला त्याची आठवण म्हणायचं? उद्या कंत्राटदार खड्डे घेणार आहे. उद्यानंतर ब्लेड पुरणार नाही.

मी खूप विचार केला. प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीवर कोणी टाकीचा घाव घालत नाही, हे मला कळतं. पण या पुठ्ठ्याची प्रतिष्ठा कोणी केली? आपल्या मायेने. माया खोटी नाही. पण मायेने देवी झाकली जात असेल तर?

तात्या, बसा. माझं संपत आलंय.

आज सकाळी अंघोळ करून मी देवळात गेलो. देवीपुढे ब्लेड ठेवलं, नमस्कार केला, उचललं. पुढचा खांब कापला. त्यावरचं कुंकू पुसलं नाही. कुंकवासकट तो सदानंदच्या फुलीवर खळीने चिकटवला. कंत्राटदाराला बोलावून तीच जागा दाखवली आणि जमिनीवर चुन्याची फक्कीही तशीच मारून घेतली. जाब विचारायचा असेल तर मला विचारा. काकींना नको, वहिनींना नको.

या चौरंगावर चादरीखाली ते मॉडेल आहे. मी चादर काढतो.

सुमनवहिनी, आधी तुम्ही या. मग काकी. मग आपण सगळे, एकेक करून. वरून बघू नका. गुडघ्यावर बसा, एक डोळा मिटा, विहिरीच्या वळणावरून आत बघा. गुंज दिसली की उठा आणि गप्प उभे राहा. शेवटचा माणूस उठेपर्यंत कोणी बोलू नये.

सदानंद, कापला रे.