अडवलेली स्थळं

बायको आत चहा टाकतेय, तोवर सांगून टाकतो.

तेव्हा घरी कुणाकडे ईमेल नसायचा, म्हणून लग्नाच्या बायोडेटावर ऑफिसचाच पत्ता जायचा. आमच्या स्टोअर्समधला दामले एकदा माझ्या टेबलाशी आला.

"अहो, मेल सर्व्हर तुम्हीच बघता ना? वर्षभरात एकाही मुलीकडून उत्तर नाही. इतका वाईट दिसतो का मी?"

"सर्व्हरला तुमचा फोटो कळत नाही," मी म्हटलं आणि अडवलेल्या मेलचा फोल्डर उघडला.

दामल्याच्या नावावर तेवीस मेल. ज्योतिषांच्या जाहिराती फार यायच्या, म्हणून मीच नियम घातला होता की मेलमध्ये 'होरोस्कोप' शब्द दिसला की स्पॅममध्ये टाकायचा. आता पत्रिकेचा विषय काढल्याशिवाय आपल्याकडे कोण मुलगी दाखवतं?

नियम काढला आणि एकेक मेल दामल्याकडे सोडायला लागलो. शेवटचे दोन एकाच गृहस्थांचे होते. दुसऱ्यात इंग्रजीत लिहिलं होतं, "पत्रिका उत्तम जुळत होती, तरी आपलं उत्तर नाही. नकार समजून आम्ही मुलीचं दुसरीकडे ठरवत आहोत."

खाली नाव माझ्या सासऱ्यांचं. तारीख आमच्या साखरपुड्याच्या आठ दिवस आधीची.

समोरून दामल्याने विचारलं, "एकूण किती सापडले हो?"

मी म्हटलं, "एकवीस."