पायमशीनचं तेल

—हातसुद्धा लावलेला नाही म्हटलं ना मी, हवं तर लिहून देते. सकाळी सूनबाईनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं, तर पडदा काळाकुट्ट आणि खोक्यातून आपलं टूं, टूं, टूं. तिनं एकदा खोक्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, पर्स उचलली आणि गेली. आता माझ्याकडे का बघावं तिनं? मीच सांगते — घरात बघायला तिसरं कोणी नव्हतंच. मुलगा आठालाच कामावर जातो. मग मी खोक्यावरच्या चिकटपट्टीवर तुमचा नंबर होता तो लावला, तर तुम्ही दहा मिनिटांत दारात हजर! नळवाल्याला बोलवावं तर तो पंधरा दिवस उगवत नाही, आणि हे गृहस्थ दहा मिनिटांत — म्हटलं, एक तर फार गुणी असणार, नाहीतर याला कामधंदा नसणार. रागावू नका हो, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय म्हणून म्हटलं. बसा, तुमचं चालू द्या. मी मध्ये बोलणार नाही.

वायर काढल्यावर परत बटण कशाला दाबता? उरलीसुरली वीज जायला? बरं. आणि त्या पत्र्याला आधी हात लावायचा, तो का? — अंगातली वीज उतरवायला. अस्सं! हे मला माहीत असतं तर काल — म्हणजे माहीत नव्हतं, आणि मला कशाला माहीत असायला हवं, मी कुठे उघडलंय? तुमची पिशवी मात्र बघण्यासारखी आहे. ब्रश, खोडरबर — शाळेत निघालात की काय? आणि ही बाटली? स्पिरिट? इंजेक्शन कोणाला, मला? बघा हं, मी फार आरडाओरडा करते.

तर मेमरीची पट्टी म्हणजे हीच ना, हिरवी? एक जुनी, एक नवी. नवी आहे हे तुम्ही ओळखलंत होय. असेल बाई नवी. सूनबाईनंच आणली असेल. ती नकाशे काढते — इमारतींचे, चार चार मजल्यांचे. एक नकाशा उघडेपर्यंत माझा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो. — काय सापडलं? चिमट्यात काय आहे, बघू? दोरा. आकाशी दोरा. आता खोक्यात दोरा कसा जाईल? उंदीर! उंदीर कुठून कुठे काय ओढून नेतील, नेम नाही. हसता काय? बघू नीट. हो, गाठ आहे त्याला. आणि टोक कात्रीनं कापलंय. बरं, उंदराकडे कात्री नसते, मान्य.

बरं बाबा, मीच. झालं समाधान? काल ती बँकेत गेली होती, दीड तास तरी येणार नव्हती. शिवणाच्या मशीनच्या खणात माझा छोटा स्क्रूड्रायव्हर असतो, त्याला तो दोरा अडकला असणार. खोकं उघडलं, एक पट्टी काढली, रुमालात बांधली आणि दुकानात गेले नमुना घेऊन. आपण दोऱ्याची रीळ जुळवायला कापडाचा तुकडा नेतो की नाही, तसंच. दुकानदाराला म्हटलं, अशीच द्या, पण रंगात फरक नको. तो माझ्याकडे बघतच राहिला! पण दिली बरोब्बर, हो ना? तुम्हीच म्हणालात आत्ता, जोडी जमलीय म्हणून. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, नमुन्याशिवाय दुकानाची पायरी चढत नाही मी. घरी येऊन जुनी पट्टी होती तिथे बसवली, ती बसली. नवी काही केल्या जाईना. ताठ! आता तुम्ही सांगता, खाच उलट्या बाजूला होती, पट्टीच उलटी धरली होती — पण मला काय ठाऊक? माझा आपला एक नियम. मशीन ताठ झालं की...

तेल. हो, तेल घातलं. दोन थेंब. फार तर तीन. पायमशीनचं पांढरं तेल हो, चांगलं, खोबरेल नाही घातलं! मग उलटसुलट करता करता सुळकन गेली आत, मी म्हटलं, बघा, तेलाचा गुण. तिकडची कडी लागली, इकडची नाही लागली, म्हटलं असू दे, टाचून ठेवल्यासारखं राहील. तुम्ही डोक्याला हात लावू नका, हाताला तेल आहे तुमच्या.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कशाला हे उपद्व्याप. महिना झाला ती घरून काम करायला लागून. मला काय आनंद झाला! मुलाचे वडील गेल्यापासून दिवसभर घरात मी आणि भिंती, घर खायला उठतं अगदी. म्हटलं, चला, माणूस आलं घरात. तर तिचे ते फोन चालतात ना, मोठमोठ्या लोकांशी, आणि शेजारी माझं पायमशीन खडखडखडखड. कोण काय म्हणेल तिला? म्हणून मी शिवणच बंद केलं. ते बघा कोपऱ्यात, चादर घालून ठेवलंय. नुसती बसते खिडकीशी, खोकलासुद्धा पदरात दाबते. आणि परवा रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणते, मी बाहेर कुठे तरी एक टेबल भाड्यानं घेते, इथे माझं काम होत नाही. मी वाढत होते. हातातली पळी तशीच राहिली माझी. काम का होत नाही? मीच म्हटलं, खोकं हळू चालतं म्हणून. दुसरं काय असणार? आणखी एक पट्टी घातली की खोकं पळतं म्हणे; पळायला लागलं तर राहील ना ती? मला ती घरात हवी आहे हो. बोलली नाही तरी चालेल, नुसती पलीकडच्या खोलीत असली तरी पुरे. हे तिला सांगू नका. आधीच मी तिच्या पोटावर तेल ओतून बसले आहे.

हं, एकच पट्टी लावून बघताय — शहाणे आहात. मीही तेच करते, टाका चुकला की आधी बॉबिन बघते, मग सुई, सगळं एकदम काढायचं नाही. ही चालली? आता ती काढून दुसरी. तीही चालली! म्हणजे पट्ट्या शाबूत, दोष खाचेतल्या तेलाचा आणि अर्ध्या कडीचा. आणि माझा, हो, कळलं, तोंडात टॉर्च धरून भुवया उडवू नका. घासा स्पिरिटनं, वाळू द्या. दोन्ही बाजूंना दाबा — कट्, कट्. काय गोड आवाज आहे! काल हा मला ऐकूच आला नव्हता. लावा आता बटण.

काळंच आहे. अजून काळंच. अहो, काळंच आहे! — पहिल्यांदा वेळ घेतं? नव्या पट्टीची ओळख होईपर्यंत? बरं, बसते. हात लावत नाही. नवीन माणसाला वेळ द्यावाच लागतो, सूनबाई आली तेव्हा सहा महिने मला नुसतं हो आणि नाही म्हणत होती...

एक मिनिट. तेलाचं मी तुम्हाला आत्ता सांगितलं. ती स्पिरिटची बाटली तर तुम्ही आल्या आल्या बाहेर काढलीत. आणि दहा मिनिटांत हजर! खरं सांगा, मी फोन केला तेव्हा तुम्ही कुठे होतात? — वाटेतच. म्हणजे तिनं केला होता. तिला तेल दिसलं सकाळीच? वासावरून! आणि मला काही बोलली नाही. काय म्हणाली तुम्हाला? — आईंना विचारू नका, आणि त्यांच्यासमोर हसू नका? मग मघाशी हसलात कसे हो? पुढे काय? आणखी काही तरी आहे, तुम्ही स्क्रू उगाच परत परत पिळताय.

काय? शिलाई मशीन दुरुस्त करणारा कोणी आहे का, असं विचारलं तिनं? कोणाचं शिलाई मशीन? — माझं? बंद पडलंय म्हणाली? महिनाभर आवाज नाही, आई दिवसभर गप्प बसून असतात, माझ्यावर नाराज आहेत की काय कळत नाही, अशा शांत घरात मला बसवत नाही... असं म्हणाली? याच शब्दांत?

नाही, काही नाही. डोळ्यात स्पिरिट गेलं. तुमची बाटली तिकडे आहे हे दिसतंय मला, आगाऊपणा नको.

आलं! बघा, आलं! मेमरी किती लिहिलीय? आठ आणि आठ सोळा. बरोबर? झालं तर मग, बांधा ती पिशवी. निघा आता, मला वेळ नाही. उद्या येऊन तो चष्मा तेवढा द्या, काळ्या दोऱ्यानं बांधून देते, पांढरा शोभत नाही. आणि मशीनवरची ती चादर ओढा जरा जाता जाता — हं. तेलाची कुपी द्या इकडे. तीन थेंब. चार वाजता येते ती. जिन्यावरूनच ऐकू जायला हवं.