आबांनी ओळखलेली खाज

आमच्या आबांनी साहेबांना कसं गप केलं, ते ऐका. मी रांजणगावला कंपनीत हाय आन् रिसेप्शनमधली खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी माझ्याकडं हाय. त्यात बोटाएवढा एक निळा मासा मोठ्या माशांच्या अंगाला टोचत हिंडायचा. साहेब म्हणले, "त्रास देतोय तो सगळ्यांना. वेगळा ठेव." मी ठेवला छोट्या टाकीत.

आठवड्यात मोठे मासे दगडाला अंग घासायला लागले, खायचे बंद झाले. त्यातच एक दिवस माझा विसरलेला डबा घेऊन आबा आले. जलम मेंढरांमागं गेलेला माणूस! टाकीकडं बघून म्हणले, "आरं, कीड लागलीय ह्यांना. गोचीड झालेलं मेंढरूबी असंच घासतंय. कीड वेचणारं कोण न्हाई व्हय हितं?"

मी निळा मासा दाखवला आन् टोचतोय म्हणून साहेबांनी वेगळा ठेवायला लावला, ते सांगितलं. "मग सोड की त्याला!"

सोडला, तर मोठे मासे त्याच्यापुढं आ करून थांबले आन् तो टोचून टोचून कीड खायला लागला.

साहेबबी हे बघायला टाकीपाशी आले. "आबा, समुद्रावर होता का तुम्ही?"

"समुद्र न्हाई बघितला, साहेब. पण म्हशीवरचा बगळा हाकलणारा माणूस मातुर आज पयल्यांदा बघितला."