आजोबा जागे झाल्याबाबत

नाव व पत्ता सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे, वय २४ वर्षे, व्यवसाय नोकरी, गृहसाहाय्य कार्यालयात पाहणी कर्मचारी, राहणार आईवडिलांसोबत. मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

अंथरुणाला खिळलेल्या माणसांना आमच्या कार्यालयातर्फे घरी मदतनीस मिळतो. कोणाची मदत चालू ठेवायची हे आता संगणकाची यंत्रणा ठरवते. वीज आणि पाण्याच्या वापरावरून ती घरात किती माणसं राहतात याचा अंदाज बांधते. नव्या कायद्यामुळे मात्र तिला परस्पर मदत बंद करता येत नाही. आधी आमच्यापैकी कोणीतरी घरी जाऊन लाभार्थ्याला जागं पाहायचं, "आपण इथेच राहता का?" असं विचारायचं आणि उत्तर त्यांच्याच तोंडून ऐकायचं. ठरल्या दिवशी पाचच्या आत टॅबवर तशी नोंद झाली नाही, तर यंत्रणेचा निर्णय कायम होतो.

आज दुपारी मी अशाच एका घरी गेले. लाभार्थी आजोबा, पण यंत्रणेच्या मते तिथे आजी एकट्याच राहतात. आजींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. आजोबा पलंगावर झोपले होते. आजी म्हणाल्या, "उठवू नकोस गं. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, आत्ता कुठे लागलाय." मी वीज-पाण्याचं विचारलं. "दिवा त्यांच्या डोळ्यांत खुपतो. अंग ओल्या फडक्याने पुसते. जन्मभर माझ्यामागे लागले, पाणी जपून वापर, पाणी जपून वापर. भोवलं आता!"

पुढे त्या म्हणाल्या, "दिसतायत ना? मग टाक की लिहून." टाकता आलं असतं. पण आमच्या घरात सही करणारी मी पहिलीच. आई अंगठा उठवते, आणि त्याआधी प्रत्येक कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेते. आजोबांना मी जागं पाहिलं नव्हतं. म्हणून खुर्चीवर बसून राहिले.

पंखा हळू फिरत होता. पडदा हलला की उजेडाची एक पट्टी भिंतीवरून पलंगापर्यंत यायची आणि परत जायची. आजोबांचा श्वास त्याच चालीने चालला होता. काही वेळाने माझाही. मग आजोबा उठले. त्यांनी सगळ्या खोल्यांतले दिवे लावले, सगळे नळ सोडले. पाणी उजेडासारखं घरभर पसरत गेलं आणि कोणी कोणाला रागावलं नाही. हे मी झोपेत पाहिलं आहे. पाहणीत धरू नये.

टॅब माझ्या मांडीवर होता. तो बराच वेळ हलला नाही, आवाज बंद ठेवलेला फोनही मी उचलला नाही, म्हणून यंत्रणेने मलाच बेपत्ता ठरवून या ठाण्याला कळवलं. हवालदारांनी दार वाजवलं तेव्हा मला जाग आली. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही हरवलाय असं मशीन म्हणतंय. सापडलात का?" पाच वाजून गेले होते. टॅबवर 'लाभार्थी आढळला नाही' असं आलं होतं.

आजोबा माझ्याकडे पाहत होते. "ही कोण?"

"कार्यालयातून आलीय. तुम्हाला बघायला."

"मग झोपली कशाला?"

मी त्यांना ठरलेला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "मी कुठे जाणार? हिला अंधाराची भीती वाटते." आजी पडदा सारखा करायला गेल्या. तो सारखाच होता.

हे उत्तर हवालदारांनीही ऐकलं आहे. टॅब आता नोंद घेत नाही. पाचनंतर लेखी जबाब चालतो असं मला कायद्यात सापडलं नाही. चालत नाही असंही सापडलं नाही. म्हणून मी झोपल्याबद्दल जे काही व्हायचं ते माझ्यावर व्हावं, मदतनीस बंद होऊ नये, आणि या जबाबाची प्रत आमच्या कार्यालयाकडे जावी. मी बेपत्ता नव्हते. आजोबाही बेपत्ता नाहीत. आम्ही एकाच खोलीत होतो.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी तो दोनदा वाचायला लावला. दोन्ही वेळा मी जागी होते. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.